झाड सुकले म्हणून पाणी ओतता? या चुका टाळा

पाने मलूल दिसली की आपला हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. वैशाखात ते बरोबर ठरेलही, परंतु गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस कोसळत असतानाही कुंडीतील मिरचीचे रोप मान टाकते, आणि नेमके तेव्हाच त्याला आणखी पाणी घातले जाते. रोप तहानलेले असते हे खरे. मात्र पाणी नाही म्हणून नव्हे, तर मूळ गुदमरल्यामुळे. झाड सुकण्याचे कारण मुळाशी आहे, खोडात आहे की पानात, हे ठरवल्याशिवाय केलेला उपाय बहुतेक वेळा वाया जातो.

मुळाच्या टोकाच्या किंचित मागे अतिशय बारीक मूलरोम असतात आणि पाणी व क्षार शोषण्याचे बरेचसे काम तेच करतात. पाणी त्यांत आपोआप झिरपते; पण क्षार आत ओढून घ्यायला मुळाला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी श्वसन लागते आणि श्वसनासाठी मातीच्या कणांमधली हवा लागते. माती पाण्याने गच्च भरली की ही हवा निघून जाते, मुळाची पाणी आत घेण्याची क्षमता घटते आणि पुढे मूळ कुजते. भाताला हे सोसते, कारण त्याच्या खोडातून मुळापर्यंत हवेच्या पोकळ वाटा असतात. मिरचीला, वांग्याला त्या नाहीत. दक्षिण गोव्यातील काणकोणची खोला मिरची पावसाळ्यातच पिकते, पण ती डोंगरउतारावर, जिथे पाणी थांबत नाही.

म्हणून बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती ओलसर असूनही रोप लोळलेले असेल, तर ते हलक्या हाताने उपटून मूळ चिमटीत धरून ओढावे. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असते; कुजलेल्या मुळाची तपकिरी साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा उरतो. असे दिसल्यास पाणी बंद करावे, कुंडीखालची ताटली काढून टाकावी, कुंडी चिऱ्याच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि चिकट तांबड्या मातीत काथ्याचा भुसा किंवा नदीची वाळू मिसळावी. समुद्राची वाळू कदापि नको.

दुसरी चूक दुपारची. झाडाने शोषलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरील रंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. एप्रिलच्या उन्हात पाने जितके पाणी उडवतात तितके मूळ पुरवू शकत नाही, म्हणून भोपळ्याची पाने दोन वाजता लोंबतात आणि सूर्यास्तानंतर पुन्हा ताठ होतात. हा रोग नव्हे. परीक्षा सकाळी करावी. सकाळीही पाने मलूल असतील आणि माती कोरडी असेल, तरच पाणी द्यावे. (अळवाच्या पानाच्या कडेला पहाटे दिसणारे थेंब सगळेच दवाचे नसतात. रात्री मुळाच्या दाबाने वर चढलेले पाणी तेथून बाहेर पडते.) हा दाब मात्र माडाच्या शेंड्यापर्यंत पुरणारा नाही. तेथवर पाणी वरून ओढले जाते: पानांतून वाफ निघते आणि जलवाहिन्यांतील पाण्याची एकसंध साखळी तिच्यामागून वर सरकते. हा सिद्धांत डिक्सन आणि जोली यांनी 1894 मध्ये मांडला.

माडाचाच विषय निघाला म्हणून खताकडे वळू. माडाला सोटमूळ नसते आणि मूलरोमही नसतात. त्याच्या बारीक मुळांची कोवळी टोके शोषणाचे काम करतात आणि बुंध्यापासून सुमारे 2 मीटरच्या घेरात अशी मुळे दाट असतात. तरीही आपल्याकडे बुंध्याला टेकवून खताचा ढीग रचला जातो, तोही कधीकधी ऐन जुलैत. नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) पाण्याबरोबर वाहून जातात, त्यामुळे पहिला हप्ता पावसाच्या सुरुवातीला आणि उरलेला पाऊस ओसरल्यावर, आळ्यात पसरून द्यावा. स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्ट उलट आहे: जांभ्याच्या आम्लधर्मी मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, म्हणून तो मातीत असूनही झाडाला मिळत नाही. अशा मातीला शेणखत आणि चुना उपयोगी पडतात. चुलीतील राखही चालते, फक्त ती युरियाबरोबर मिसळू नये. तसे केल्यास नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

जास्त खत घातल्याने झाड अधिक जोमाने वाढते, ही समजूत तर पुष्कळांना महागात पडते. मातीतील क्षार मुळातील क्षारांपेक्षा वरचढ झाले की पाणी आत येण्याऐवजी बाहेर खेचले जाते आणि पानांच्या कडा करपतात. आमच्या परसातील कढीपत्ता मी अशाच प्रकारे घालवला. युरियाने नव्हे, तर सुकी मासळी धुतलेले खारट पाणी रोज त्याच्या बुडाशी ओतून. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, मानस (पाणी अडवणारे बांधाचे दार) नादुरुस्त होऊन खारे पाणी शिरते तेव्हा भातही पाण्यात उभे राहून तहानेने करपते. कोरगुटासारखे खार सोसणारे वाणच टिकाव धरते. कुंडीतील माती खारावली असेल, तर गोडे पाणी तळातून भरपूर वाहून जाईपर्यंत अनेकदा घालावे.

पिवळेपणा दिसला, तर पान जुने आहे की कोवळे, हे पाहावे. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांत दिसते, लोहाची शेंड्याकडे. टोमॅटोचे बूड काळे पडते ते कॅल्शियम तेथवर न पोहोचल्याने, कारण ते केवळ पाण्याच्या प्रवाहाबरोबर चालते. तेथे फवारणीपेक्षा पाणी नियमित देणे अधिक उपयोगाचे.

शेवटची चूक आमच्या मानकुराद आंब्याच्या खोडावर अजून दिसते. कपडे वाळत घालण्यासाठी त्याला तार गुंडाळली होती आणि खोड जाड होत गेले तशी ती सालीत रुतली. पानांत तयार झालेले अन्न सालीतील रसवाहिन्यांतून मुळांकडे जाते. ती वाट आवळली गेल्याने तारेच्या वरचा भाग मनगटाएवढा फुगला. आतल्या लाकडातून पाणी चढतच असल्यामुळे पाने मात्र कितीतरी दिवस हिरवी राहिली आणि कोणालाच शंका आली नाही, इकडे मुळे उपाशी होती. तार कापून काढली, तरी एका बाजूच्या फांद्या वाळल्याच. आता कपडे दोन लोखंडी खांबांमध्ये वाळतात.