एनएसएसमध्ये नवे आहात? पहिल्या दिवसांतल्या या चुका टाळा

नोंदणी झाली की पोरं माझ्या टेबलाभोवती जमतात. पहिला प्रश्न, "सर, कॅम्प कधी?" दुसरा, "सर, सर्टिफिकेट कधी?" काम काय करायचंय, हे विचारणारं पोरगं एखादंच. राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे एनएसएसचा, हिशोब साधा आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४० आणि या दोन वर्षांत सात दिवसांचं एक विशेष शिबिर. या तासांची सुरुवात कॉलेजच्या आवारातल्या झाडांना पाणी घालण्यापासून होते, कॅम्पपासून नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जमीन न बघता टिकाव उचलणं. बालाघाटाच्या डोंगराकडेला एका गावात आमचं शिबिर होतं, काम सलग समतल चरांचं. हा चर उताराला आडवा आणि सगळीकडे सारख्या पातळीत लागतो, तरच पाणी त्यात थांबून मुरतं. पातळी काढायला गवंड्याकडची पाण्याची नळी आणली होती. पण नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं कोणी? मी दुसऱ्या गटाकडे गेलो आणि इकडे आठ-दहा पोरांनी नजरेच्या अंदाजाने फक्कीची रेष मारून खोदायला सुरुवात केली. अंगात दम होता, दोन तासांत चाळीसेक फूट चर झाला.

दुपारी खालच्या वावराचे मालक, एक म्हातारे बाबा, आले. काही न बोलता त्यांनी आमच्या पिण्याच्या पाण्यातली एक घागर चराच्या मधोमध ओतली. पाणी सरसर एका टोकाला पळालं आणि तिथेच साचलं. नळी लावली तर ते टोक चांगलं वीतभर खाली. बाबा म्हणाले, "लेकरांनो, पावसात हे इथंच फुटंल, अन् समदी माती माझ्या तुरीवर येईल." बुजवून नव्याने खोदण्यात पुढचा अख्खा दिवस गेला. पोरांच्या तळहाताला फोड आले होते, तरी एकानेही कुरकुर केली नाही.

तेव्हापासून शिबिराच्या पहिल्या सकाळी मी कुणाच्या हातात टिकाव देत नाही. गावातलं एक जाणतं माणूस सोबत घ्यायचं, उतारावरून चालायचं, पाणी कुठून येतं ते विचारायचं आणि नळी प्रत्येकाने एकदा तरी धरायची. घाई असलेल्यांना हे आवडत नाही. नाही आवडलं तरी चालेल.

दुसरी चूक सर्वेक्षणातली. सकाळी अकराला फॉर्म घेऊन गावात जाता आणि घरं बंद म्हणून परत येता. अकराला माणसं रानात असतात, कापूस वेचणीच्या दिवसांत तर बाया उजाडताच निघतात. संध्याकाळी जा. आणि पहिलाच प्रश्न "संडास आहे का?" असा करू नका. आमच्या एका मुलीने तो केला, तर आजी उठून आत गेल्या आणि परत बाहेर आल्याच नाहीत. ओट्यावर बसा, दिलेलं पाणी प्या, यंदा सोयाबीन कसं झालं ते विचारा. फॉर्म पिशवीतच राहू द्या. निम्मी उत्तरं बोलण्यातच मिळतात.

डायरी महिनाअखेरीला एकदम भरू नका. एकाच शाईत, एकाच अक्षरात पानोपान "श्रमदान केले" लिहिलेलं लगेच ओळखू येतं आणि मी त्यावर सही करत नाही. त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहा: काय केलं, किती वेळ, कोणाकडून काय शिकलो.

नवे बूट शिबिरात पहिल्यांदा घालू नका. डोक्याला रुमाल बांधा, पाण्याची बाटली स्वतःची ठेवा. ताटात भाकरी टाकू नका, ती गावातल्या कुणीतरी पहाटे उठून थापलेली असते.

बॅनर धरून फोटो काढायचा तर काम झाल्यावर, मातीच्या हातांनी काढा. आणि रात्रीसाठी जाड चादर आणा. शाळेच्या फरशीवर डिसेंबरची थंडी खालून येते, एका सतरंजीने भागत नाही.