मुलांमध्ये सेवा करताय? विश्वासाच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

संडेस्कूल, म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवायचा वर्ग, घ्यायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका रविवारी माझा धडा आठ मिनिटांत संपला. वर्ग पाऊण तासाचा, समोर बावीस पोरं, बाहेर जुलैचा पाऊस, म्हणजे अंगणात सोडायचीही सोय नाही. तयारी शून्य होती आणि ती का शून्य होती तर शनिवारी रात्री मी स्वतःलाच सांगितलं होतं की प्रार्थना केलीय ना, मग पवित्र आत्मा ऐनवेळी शब्द देईल. शब्द आले, नाही असं नाही, पण आठ मिनिटांपुरतेच. उरलेला वेळ दोघं टेबलाखाली, एकजण दुसऱ्याच्या रेनकोटात आणि मी टाळ्या वाजवत "बसा रे, बसा रे".

आमची गोव्यातल्या म्हापशाची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, छोटीशी आहे. सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडून कामाधंद्याला आलेली घरं जास्त, थोडी इथलीच. मी स्वतः सावंतवाडीची, लग्न करून इकडे आले. पोरं घरात मराठी, शाळेत इंग्लिश, ग्राउंडवर कोंकणी आणि भांडायला लागली की हिंदी. अकरा वर्षं झाली ह्यांच्यात, लहानांचा वर्गही घेतला आणि युथ, म्हणजे मोठ्या मुलांचा गटही. ज्या चुका लिहितेय त्या बहुतेक माझ्याच आहेत, काही इतरांच्या बघितलेल्या.

"देव बोलायला लावेल" म्हणून तयारी न करणं

ह्याला लोक बायबलमधल्या वचनाचा आधारही देतात, काय बोलावं ह्याची काळजी करू नका, त्या वेळी ते सुचवलं जाईल. अहो पण मत्तयचा दहावा अध्याय उघडून बघा की, ते वाक्य कोणाला सांगितलंय? येशूच्या शिष्यांना. धरून नेतील, न्यायसभेपुढे उभं करतील, अशा वेळेसाठी. रविवारी साडेनऊला पाच भाकरी नि दोन मासे (एका पोराच्या डब्यातून येशूने हजारोंना जेवू घातलं ती गोष्ट) शिकवायला तुम्हाला कोणी बेड्या घालून आणलेलं नसतं, आठवडाभर वेळ होता.

आता मी बुधवारी रात्री तो भाग वाचून ठेवते, फक्त वाचते. मग तो डोक्यात फिरत राहतो, भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही. गुरुवारी परत वाचते आणि ह्यातली एक वस्तू मुलांच्या हातात काय देता येईल एवढंच बघते. एकच वस्तू, जास्त नाही. प्रार्थना ह्या सगळ्यात सुरूच असते, उलट अशी जास्त होते, कारण धडा माहीत असला की कोणासाठी काय मागायचं तेही कळतं.

त्या भाकरीच्या धड्याला एकदा मी सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत गेटवर उभी राहिले, त्याच्याकडून पाच पोयी (गोव्याचे गोल पाव) घेतल्या आणि आदल्या शुक्रवारच्या बाजारातून दोन सुके बांगडे आणून ठेवले होते. पोई गव्हाची, मूळ गोष्टीतल्या भाकरी जवाच्या, हे मी मुलांना सांगितलं. जव म्हणजे तेव्हा गरिबाचं धान्य, त्या पोराचा डबा काही भारी नव्हता. पोई हातात घेऊन एक चौथीतला मुलगा म्हणाला, "टीचर, हें म्हज्या एकल्याकूच पुरना." हे माझ्या एकट्यालाच पुरणार नाही म्हणे! आता ह्याच्यापुढे मी काय वेगळं शिकवणार होते, येशूचा शिष्य अंद्रिया, त्यानेही तेच विचारलंय, इतक्यांना हे कसं पुरणार. बांगड्यांच्या वासाने मांजर आत आलं आणि वर्गाची वाट लागली ते सोडा. पण ती पोरं आज कॉलेजात आहेत नि अजून त्या बांगड्यांची आठवण काढतात.

उलटी चूकही असते, ती पटकन सांगते. प्रोजेक्टर, स्लाइड, गाण्याची ॲक्शन, बक्षिसं, सगळं जय्यत, आणि शेवटी लक्षात येतं की आठवडाभरात एकाही मुलाचं नाव घेऊन आपण प्रार्थना केलेली नाही. माझं होतं असं, विशेषतः मे महिन्यात व्हीबीएसच्या (सुट्टीतल्या बायबल शिबिराच्या) धावपळीत. आता हजेरीची वही मी उशाशी ठेवते, रोज चार नावं.

बायबलची मराठी तशीच्या तशी पोरांवर ओतणं

ही चूक आपल्या लक्षातच येत नाही कारण आपल्याला ते शब्द पाठ असतात. मी एकदा तारणावर अर्धा तास बोलले, जीव ओतून. शेवटी एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "ताई, तारण म्हणजे मम्मीने बँकेत बांगड्या ठेवल्यात तेच ना?" हसू नका, तिचं बरोबर होतं! सोनेतारण कर्जाचा बोर्ड ती रोज शाळेत जाताना वाचते, तिच्यासाठी तारण म्हणजे गहाण. पापातून सोडवणं हा अर्थ तिने कधी कुठे ऐकलाच नव्हता. दुसरा किस्सा ह्याहून वाईट. पवित्र आत्मा तुमच्याबरोबर सतत राहतो असं सांगितलं आणि एका पहिलीतल्या पोराने चार रात्री लाइट बंद करू दिला नाही, कारण सिरियलमध्ये आत्मा येतो तो पांढऱ्या साडीत येतो. त्याच्या आईने फोन करून मला चांगलंच सुनावलं.

तेव्हा शब्द आधी चाखून बघा. पश्चात्ताप, नीतिमत्त्व, वल्हांडण, मध्यस्थ, हे शब्द टाकून द्या असं म्हणत नाही, मोठी झाल्यावर बायबल वाचायचंय त्यांना, पण आधी रोजच्या भाषेत सांगा आणि मग म्हणा की बायबलमध्ये ह्याला असं म्हणतात. मुलांनाच विचारा, तुला हा शब्द ऐकून काय दिसतं? गोव्यात तर हे काम चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, १५७९ साली इथे आला, आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओवीबद्ध. लोकांच्या कानाला पुराणाची सवय आहे हे त्याला दिसलं आणि त्याने ओवी धरली. आपल्या पोरांच्या कानाला कशाची सवय आहे हे आपण बघायला नको?

टीनएजरच्या प्रत्येक गोष्टीवर "प्रार्थना कर" हे एकच औषध

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. दहावीतला मुलगा, शांत, गिटार वाजवायचा. युथ मीटिंगनंतर खुर्च्या उचलताना म्हणाला, झोप येत नाही ताई, छातीत धडधडतं. मी म्हटलं अरे प्रार्थना कर, झोपताना स्तोत्र वाच, परमेश्वर आहे ना. तो "हो" म्हणाला. पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्या शनिवारी नाही आला, मग यायचा बंदच झाला. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या बहिणीकडून कळलं की मी जे सांगितलं ते तो आधीच करत होता, रोज. म्हणजे माझ्या उत्तराचा त्याच्या कानात अर्थ काय झाला असेल बघा, तुझी प्रार्थनाच कमी पडतेय.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी तोपर्यंत दहा वेळा तरी शिकवली होती. १ राजे १९. झुडपाखाली पडलाय, बस झालं, माझा जीव घे म्हणतोय. आणि देवदूत काय करतो? भाकर आणि पाणी. खातो, परत झोपतो, परत उठवून परत खायला देतो, प्रवास लांबचा आहे म्हणतो. प्रवचन नाही, विश्वास कमी आहे म्हणून झापणं नाही. देवाचा तो मंद, हळू आवाज नंतरचा, होरेब डोंगरावर पोचल्यावरचा.

तर आता कोणी असं काही बोललं की मी खुर्ची खाली ठेवते. कधीपासून, जेवतोस का, घरी कोणाला माहितीय, जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारते. सरळ विचारलं म्हणून पोराच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही, ही भीती काढून टाका. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास असतो, मी तो नंबर युथच्या बोर्डवर वचनाच्या शेजारी लावलाय. त्यावरून एका वडीलधाऱ्यांनी मला विचारलं की मंडळीत हे कशाला, देवावर भरवसा नाही का. मी म्हटलं काका, तुमची बीपीची गोळी वरच्या खिशात आहे ती मला दिसतेय. (हे बोलायला नको होतं, पण बोलले.) प्रार्थना मी करतेच, त्याच्यासमोर करते, त्याला चालत असेल तर. मग आईबापांशी बोलायला त्याच्याबरोबर जाते.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन देणं, आणि मग देवावर सोडणं

इथे मस्करी नाही. एखादं मूल सांगतं की कोणीतरी नको तसा हात लावला. नातेवाईक असेल, शेजारी असेल, मंडळीतलाच कोणी असेल. आणि आपल्यातले चांगले चांगले लोक म्हणतात, बदनामी नको, आपण उपास करू, क्षमा शिकवू, देव न्याय करील.

नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचा प्रश्न असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. शिवाय गोव्याचा स्वतःचा बालकायदा २००३ पासून आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन, १०९८. पाळकांना (पास्टरांना) सांगितलं म्हणजे झालं, असं नाही. क्षमेची गोष्ट त्या मुलाच्या डोक्यावर त्या दिवशी तर अजिबात लादू नका. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकलेलं बरं, हे येशूचे शब्द आहेत, ते जरा वाचा आणि मग बदनामीचं बोला.

मुलाला काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी म्हणते, "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. तुला जपायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच मी सांगेन." गुपित ठेवीन असं कधीच म्हणत नाही. खोदून खोदून विचारतही नाही, ते काम दुसऱ्यांचं, मी फक्त त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवते.

आणि रोजचं साधं: वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं, कोणत्याही मुलाला एकट्याने गाडीवर घरी सोडायला जायचं नाही, रात्री अकराला पर्सनल मेसेज नाही. "आमच्यात सगळे विश्वासी आहेत" हे ह्या नियमांवरचं उत्तर होऊ शकत नाही.

हात मोजणं

कॅम्पचा शेवटचा दिवस, लाइट मंद, कीबोर्ड हळू वाजतोय, नरकाचं वर्णन झालंय, डोळे मिटा आणि ज्याला येशूला स्वीकारायचंय त्याने हात वर करा. तीस पोरांतले एकोणतीस हात वर. मी एकदा डोळे उघडे ठेवून बघितलं, पहिला हात वर झाला आणि मग शेजारच्याने कोपराने ढोसलं म्हणून दुसरा, आणि बाहेर जेवणाची भांडी वाजत होती ते वेगळंच. रिपोर्टमध्ये एकोणतीस लिहिलं गेलं.

घाबरवून वर केलेला हात आठवडाभरात खाली येतो, माझा अनुभव तरी तोच. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूचा एक छोटा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे, पेरणाऱ्याच्या मोठ्या दाखल्यामागे तो राहून जातो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं नि वाढतं, कसं ते त्याला कळतही नाही. मला हा दाखला फार आवडतो कारण त्यात शेतकरी चक्क झोपलेला आहे! नांगरणी त्याची, पेरणी त्याची, रुजवणं त्याच्याकडे नाही. मी मात्र रोज माती उकरून मोड आला का बघत होते.

उत्तर येत नसताना ठोकून देणं

गोव्यात हा प्रश्न येतोच, आज ना उद्या. "आमच्या शेजारची आजी खूप चांगली आहे, चतुर्थीला आम्हाला नेवऱ्या देते, ती कुठे जाणार?" पूर्वी मी पाठ केलेलं उत्तर द्यायचे आणि पोराचं तोंड उतरलेलं बघायचे. आता म्हणते की आजीचा न्याय माझ्याकडे नाही, देव तुझ्या आजीवर तुझ्यापेक्षा कमी माया करत नाही एवढं मला माहितीय, आणि येशूबद्दल मला काय माहितीय ते मी तुला सांगू शकते. टीनएजरला हे चालतं, उलट खोटा आत्मविश्वास त्यांना लगेच कळतो. "माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर" म्हणणाऱ्या बापाला येशूने परत पाठवलं नाही, त्याचं पोर बरं केलं.

ह्यातच आणखी दोन. दुसऱ्यांच्या सणाची, देवाची वर्गात टिंगल नको, त्यांचे जिवलग मित्र त्या घरातले असतात. आणि शेजारची हिंदू घरातली मुलं गाण्याच्या आवाजाने आत आली तर खेळू द्या, पण वर्गात बसवायचं असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांना विचारा, आम्ही इथे काय शिकवतो ते मोकळेपणी सांगून. खाऊचं आमिष तर नकोच नको.

सगळं एकटीने ओढणं

कोणी विचारलं की म्हणायचं, प्रभू बळ देतो. देतो, पण बायबलमधल्या मोशेलाही त्याचा सासरा इथ्रो म्हणालाच की तू असा झिजून जाशील, माणसं वाटून घे. मला हे माझ्या सासूबाईंनी सांगितलं, योगायोग बघा. त्या वर्षी मी नाताळचं नाटक, कॅरोल, युथ, सगळं घेतलं होतं आणि डिसेंबरच्या मधोमध माझा आवाज पूर्ण बसला. तालमी मग दोन बारावीच्या मुलींनी घेतल्या, माझ्यापेक्षा बऱ्या. तेव्हापासून लहानांची गाणी त्याच घेतात, आणि महिन्यातला एक रविवार मी मागच्या बाकावर बसून नुसती भक्ती करते.

पावसाळ्यात संख्या पडते त्याचं काय, हे बरेच जण विचारतात. वर्ग रद्द करू नका. कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आला तेव्हा घंटी वाजवत रस्त्याने फिरायचा नि पोरं गोळा करायचा म्हणतात. आम्ही काही कॅथलिक नाही पण ती घंटी मला पटते, जो आला नाही त्याच्या घरी जायचं, रागवायला नाही, नुसतं दारात उभं राहून "कसा आहेस" विचारायला. गेल्या जुलैत एका रविवारी तिघंच आली, छत्र्या उलट्या झालेली. त्यातली एक त्या गिटारवाल्याची भाची होती. बुधवारपासून वाचलेला धडा मी तिघांना पूर्ण पाऊण तास शिकवला, मग पोदेराच्या पिशवीतल्या तीन पोयी चहात बुडवून खाल्ल्या आणि तिला गाडीने मंडळीतली दुसरी एक ताई आणि मी, अशा दोघींनी घरी सोडलं. मामा गेटवर आला होता, छत्री घेऊन. "बरी आहेस ना ताई," म्हणाला. मी म्हटलं बरी आहे, तू? "झोप लागते आता," म्हणाला, आणि भाचीला घेऊन आत गेला.