कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधलं तापमान मोजायचंय? आधी सेन्सर चिकटवायला शिका

प्रोसेसरसाठी वेगळा सेन्सर विकत घेऊ नका. तो चिपमध्येच असतो आणि त्याचा आकडा एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये फुकट दिसतो. बाहेरून सेन्सर लावायचे ते तीन जागी: आत येणारी हवा, बाहेर जाणारी हवा आणि प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा) हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा.

सामान: तीन डीएस१८बी२० तापमान सेन्सर, त्यांचे आकडे वाचायला एक अर्डुइनो नॅनो (छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर. स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ सेन्सर घेऊ नका, व्हिडिओवाले काहीही सांगोत. गोल नळी सपाट जागेवर जेमतेम एका रेषेत टेकते, शिवाय ती बोर्डाला लागली तर शॉर्ट. ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, तीन पायांचा साधा घ्या.

सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावा ग्राउंड, मधला डेटा, उजवा ५ व्होल्ट. उलटा जोडलात तर बोट भाजेल. तिन्ही सेन्सर एकाच डेटा वायरवर, रेझिस्टर डेटा आणि ५ व्होल्टच्या मध्ये. अर्डुइनोच्या डॅलसटेम्परेचर लायब्ररीतला नमुना प्रोग्राम नॅनोवर चढवा. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा कोड असतो. एकेक चिमटीत धरा, ज्याचा आकडा चढेल त्याच्या वायरला चिठ्ठी लावा.

आता चिकटवणं. मला सगळ्यात जास्त याच कामाने छळलंय. हीटसिंकवर टेकवलेला सेन्सर हीटसिंकही मोजतो आणि पंख्याचा वाराही, आणि दोन्हींच्या मधला कुठलातरी निरर्थक आकडा दाखवतो. म्हणून सपाट बाजू हीटसिंकच्या सपाट भागावर ठेवा, मध्ये थर्मल पेस्टचा अगदी पातळ हात, वरून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) आणि टेपवर फोमचा छोटा तुकडा, म्हणजे वारा अडेल. साधी चिकटपट्टी आणि ग्लू गनचा गोंद उष्णतेने सैल पडतात. फेव्हिक्विक तर नकोच, सेन्सर पुन्हा निघणार नाही.

एवढं करूनही आकडा कमी येतो, कारण या सेन्सरमध्ये उष्णता मुख्यतः पायांतून ये-जा करते. वायर हवेत लोंबत असेल तर ती सेन्सरला थंड करत राहते. पायांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि वायरचा पहिला तीन-चार सेंटीमीटर भागही त्याच हीटसिंकवर टेपने दाबा. हे कुणी सांगत नाही.

प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये सेन्सर सरकवायचा सल्ला दिसला तर ते पान बंद करा.

हवेच्या सेन्सरचं उलटं: तो कशालाच टेकता कामा नये. एक पुढच्या पंख्यासमोर, एक मागच्या पंख्याबाहेर, झिप टायने लटकवा.

सुरुवातीलाच ८५ दिसलं तर घाबरू नका, वीज मिळाल्यावर मोजणी होण्याआधी सेन्सर हाच आकडा देतो. उणे १२७ म्हणजे वायर सुटली.

रोज बघायचा आकडा एकच: व्हीआरएमच्या तापमानातून आत येणाऱ्या हवेचं तापमान वजा. अकोल्यात मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, तिथे नुसत्या ७० ला काय अर्थ? काम तेवढंच आणि फरक मात्र वाढत चाललाय, तर आधी पुढची जाळी काढून धुवा.