जुन्या झाडाचे ऑलिव्ह मुरवताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात जुन्या घरांच्या आवारात आणि शेतांच्या कडेने ऑलिव्हची मोठाली झाडे उभी असतात. त्यांपैकी काही ‘मिशन’ या जातीची असतात. ती जात तेथे स्पॅनिश मिशनऱ्यांनी 18 व्या शतकात रुजवली. शरद ऋतूत ही झाडे फळांनी लगडलेली पाहिली की तेथील मराठी घरांत लोणच्याच्या बरण्या आठवाव्यात, हे स्वाभाविकच आहे. परंतु हाच लोणच्याचा अनुभव पहिल्या वर्षी घात करतो. कैरी मुळातच आंबट असते आणि ती आंबटाईच लोणच्याला राखते. ऑलिव्हमध्ये तसा आंबटपणा नसतो; असतो तो ओल्युरोपीन या द्रव्याचा जिभेवरून न हटणारा कडूपणा. म्हणून आधी कडूपणा काढावा लागतो आणि आंबटपणा निर्माण करावा किंवा बाहेरून द्यावा लागतो.

पहिली चूक झाडाखालीच होते. जमिनीवर पडलेली फळे वेचू नयेत, कारण ती दबलेली असतात आणि खारात लवकर नासतात. 1998 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात आढळलेली ऑलिव्हची फळमाशी आता राज्यभर पसरली असून, निगा न राखलेली जुनी झाडे तिचे हक्काचे घर झाली आहेत. सालीवर बारीक टोचा किंवा तपकिरी मऊ डाग दिसल्यास फळ कापून पाहावे. आत अळीची वाट दिसली तर त्या फांदीची फळे सोडून देणेच बरे. रस्त्याकडेच्या झाडांना फळ धरू नये म्हणून फवारणी केलेली असू शकते, तेव्हा विचारपूस केल्याशिवाय हात लावू नये. फळ दाबल्यावर दुधासारखा पांढरट रस आला की ते हिरवेपणी मुरवण्याजोगे झाले असे समजावे.

अख्खी फळे नुसत्या पाण्यात ठेवून कडूपणा जाईल अशी वाट पाहणारे कंटाळून जातात. हिरवे फळ बी न फोडता हलकेच ठेचावे, काळसर फळाला दोन चिरा द्याव्यात आणि पाणी रोज बदलावे. ठेचलेल्या फळांना साधारण आठवडा, तर चिरलेल्यांना दहा ते वीस दिवस लागतात. दिवस मोजण्यापेक्षा चव घेऊन ठरवावे. कॉस्टिक सोड्याने हे काम झटपट होते, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. जावेच लागले तर सोडा पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, आणि अॅल्युमिनियमचे भांडे पूर्णपणे टाळावे, कारण त्यातून ज्वलनशील वायू सुटतो.

खार करताना मीठ अंदाजाने टाकणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. एक लिटर पाण्याला सुमारे 100 ग्रॅम आयोडीनविरहित मीठ वजन करून घ्यावे. त्याहून फार तीव्र खार एकदम घातल्यास फळे सुरकुततात आणि खार सौम्य झाल्यास बुळबुळीत होतात. फळे खाराच्या वर तरंगू देऊ नयेत, त्यांवर बशीचे दडपण ठेवावे. उघडी राहिलेली हिरवी फळे काळवंडतात.

बरणीवर तेलाचा थर देण्याची आपली सवय मात्र येथे धोक्याची आहे. आंबटपणा नसलेल्या फळावर तेल ओतून हवा तोडली की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हवे तसे वातावरण मिळते. 1919 मध्ये ओहायोतील कँटन येथे मेजवानीतील डबाबंद कॅलिफोर्नियाच्या ऑलिव्हमुळे याच विषबाधेने माणसे दगावली होती. त्यामुळे खाराचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) 4.6 किंवा त्याखाली असल्याची कागदी पट्टीने खात्री करावी, गरज पडल्यास पाच टक्के आम्लतेचे व्हिनेगर घालावे, तयार बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि तेल फक्त वाढताना घालावे.

खारावर पांढरा पातळ पापुद्रा आल्यास घाबरण्याचे कारण नाही; तो यीस्टचा असतो, काढून टाकावा. मात्र कुजका वास आला किंवा फळे लिबलिबीत झाली, तर चव घेऊन खात्री करण्याचा मोह न धरता सगळी बरणी टाकून द्यावी.