भाताच्या बांधावरचा पिवळा पतंग: आधी गवत, मग फवारणी

ढगाळ, दमट हवा टिकून आहे. आजच बांधावरून एक फेरी मारा. गवतात पाय पडताच नखाएवढे पिवळसर पतंग उडून चार पावलांवर पुन्हा पानाखाली बसत असतील, तर पाने गुंडाळणारी अळी येऊ घातली आहे.

बसलेला पतंग त्रिकोणी दिसतो. पंख सोनेरी-पिवळे, कडेला गडद पट्टा. पुढच्या पंखावर दोन पूर्ण नागमोडी रेषा आणि त्यांच्यामध्ये एक तोकडी. ती तोकडी रेषा शोधा. पिवळ्या पंखावर एकच काळा ठिपका असेल तर ती खोडकिडीची मादी. पंख पांढरेशुभ्र आणि पाण्यावर पानांच्या सुरळ्या तरंगत असतील तर सुरळीतील अळी. दुकानात तिन्हींना एकच महागडी बाटली मिळते, म्हणून ओळख तुम्हीच पटवा.

गुंडाळलेलं पान उकलून बघा. कडा रेशमी धाग्यांनी जोडलेल्या, आत काळी विष्ठा, हिरवा भाग खरवडल्याने पांढरे पट्टे, आणि हात लागताच वळवळत मागे सरकणारी पोपटी अळी. एकच अळी अनेक पानं खराब करते.

शेतात भात नसतो तेव्हा ही कीड बांधावरच्या गवतावर जगते. फवारणीवर खर्च होतो, पण गवत तसंच राहतं आणि पतंग पुन्हा तिथूनच येतात. गवत लावणीआधीच कापा. पीक उभं असताना एकदम सगळा बांध साफ केला तर पतंग भातात उतरतात, असा जाणत्यांचा अंदाज आहे. तेव्हा टप्प्याटप्प्याने कापा. सावलीत आणि युरिया जास्त पडलेल्या गडद हिरव्या पट्ट्यात कीड आधी दिसते. सोबत एवढं करा:

- युरिया हप्त्यांत विभागून
- ट्रायकोग्रामा चिलोनिस (किडीच्या अंड्यांवर जगणारा बारीक मित्रकीटक), हेक्टरी 1 लाख सोडणे
- लोंबी येण्याआधी, शेतात पाणी असताना पिकावरून दोर ओढून अळ्या पाण्यात पाडणे. नंतर पाणी काढणे

प्रति चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुपका) 2 ताजी नुकसानग्रस्त पानं दिसेपर्यंत रासायनिक फवारणी नको. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात तर मुळीच नको: पीक नवी पानं काढून भरपाई करतं, आणि घाईच्या फवारणीने कोळी व मित्रकीटक मरून तपकिरी तुडतुडे उसळतात. ध्वजपान (लोंबीलगतचं शेवटचं पान) मात्र जपाच, दाणा मुख्यतः त्यावरच भरतो.

पातळी ओलांडली तर 10 लिटर पाण्यात कारटॅप हायड्रोक्लोराईड 50 एसपी 20 ग्रॅम किंवा क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल 18.5 एससी 3 मिली. दुसऱ्याचा काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते कापणी यांतलं किमान अंतर) 47 दिवस आहे, पहिल्याचा 21. उशिरा येणाऱ्या किडीला दुसरं वापरू नका.