निवृत्त मुलाखतकाराविषयी आकाशवाणीला अभिप्राय कसा कळवावा

परभणी, नांदेड किंवा बीडच्या आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकलेला मुलाखतकार निवृत्त झाला, की श्रोत्यांची पत्रे ‘आवाज फार गोड होता’ एवढ्यावरच संपतात. आपण मात्र एखादी मुलाखत निवडून त्यांनी नेमके काय विचारले, ते लिहावे. उदाहरणार्थ, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ तुरीच्या मर रोगावर शास्त्रीय भाषेत बोलू लागले असता, ‘म्हणजे पेरणीआधी शेतकऱ्याने काय करायचे?’ असे विचारून त्यांनी उत्तर ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीच्या बीजप्रक्रियेपर्यंत (पेरणीपूर्वी ती बियाण्याला चोळण्यापर्यंत) आणले असेल, तर तोच प्रसंग पत्राचा गाभा ठरावा. तक्रारही अवश्य लिहावी (पाहुण्याला मध्येच तोडण्याची खोड भल्याभल्यांना असते). पत्र केंद्रप्रमुखांच्या नावे पाठवावे आणि जुन्या मुलाखतींच्या पुनःप्रसारणाची मागणी स्वतंत्र परिच्छेदात करावी.