बाजारपेठांचे चित्रनकाशे काढायचं काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

हे इलस्ट्रेटेड मॅपचं, म्हणजे काटेकोर मापाऐवजी चित्रांतून जागा दाखवणाऱ्या नकाशांचं, काम नक्की काय असतं, कुठून सुरुवात करायची, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितेय. मी मुंबईत अप्लाइड आर्ट शिकले आणि आता छोट्या गावांच्या, शिवाय मुंबईतल्या जुन्या वस्त्यांच्या बाजारपेठांचे चित्रनकाशे काढते. उदाहरण म्हणून गिरगाव घेते कारण ते बहुतेकांना माहीत आहे आणि त्याचा जीव एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. लोक पत्ता कसा सांगतात ते ऐका, तुमचा नकाशा तिथेच तयार होत असतो. गिरगावात कुणी तुम्हाला जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून अमुक मीटर चाला असं सांगणार नाही, ते म्हणतील चर्नी रोडला उतर, ठाकूरद्वार नाक्यावर ये, सेंट तेरेसा चर्चसमोर खोताची वाडी, आणि पाटीवर खाडिलकर रोड लिहिलेलं असलं तरी तोंडात कांदेवाडीच. म्हणजे नाके, वाड्या, देवळं, चर्च, ज्या दुकानाच्या नावाने बसस्टॉप ओळखला जातो ते दुकान, हे मोठं काढायचं आणि बाकीचं लहान किंवा काढायचंच नाही. मी दुकानदारांना, वाडीतल्या आजींना, टॅक्सीवाल्या काकांना एकच प्रश्न विचारते, "इथे पहिल्यांदा येणाऱ्याला तुम्ही काय सांगाल?" आणि उत्तर जसंच्या तसं वहीत लिहून घेते. चार जणांच्या तोंडून एकच जागा आली की ती नकाशात पक्की.

सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा तरी फिराच, कारण बाजार दोन्ही वेळेला वेगळा दिसतो, सकाळची भाजीवाली संध्याकाळी नसते आणि दुपारी शटर बंद असताना काढलेल्या फोटोंवरून रस्ता मेल्यासारखा दिसतो. आणि हो, खोताच्या वाडीतली ती सुंदर लाकडी जिन्यांची घरं म्हणजे लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका, नकाशावर कुणाच्या घराला नाव देऊ नका.

बेससाठी, म्हणजे ज्या नकाशावर आपलं चित्र बेततो त्यासाठी, मी ओपनस्ट्रीटमॅप वापरते. हा २००४ साली सुरू झालेला खुला प्रकल्प आहे, त्यावरून ट्रेस करून विकायलाही परवानगी आहे, फक्त कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्त्यांना क्रेडिट द्यायचं, ते विसरू नका. गूगल मॅप्सवरून ट्रेस करू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही. रस्ता शोधायला वापरा, रेषा काढायला नाही.

आता खरी मजा, म्हणजे मोडतोड. अचूक नकाशा मोबाइलमध्ये आहेच, आपण तो पुन्हा काढायचा नाहीये. गल्ल्यांचा क्रम आणि वळणं बरोबर ठेवायची, कुठल्या गल्लीनंतर कुठली गल्ली हे चुकता कामा नये, पण अंतरं हवी तशी ताणायची. जिथे दुकानं दाटीवाटीने आहेत तो रस्ता रुंद करा म्हणजे इमारतींची तोंडं दिसतील, जिथे नुसती भिंत आहे तो तुकडा आखडा. हे काही नवीन नाही, पॅरिसचा तुर्गोचा नकाशा बघा (तुर्गो म्हणजे तो करवून घेणारा तिथला अधिकारी), १७३४ मध्ये लुई ब्रेतेझने काम सुरू केलं, १७३९ मध्ये वीस शीट्समध्ये छापला गेला, त्यातही रस्ते असेच मोकळे केलेत. आणि छोट्या गावांचं काम करायचं असेल तर अमेरिकेत यादवी युद्धानंतर टी. एम. फाउलरसारखे चित्रकार गावोगाव जाऊन रस्ते पायाखाली घालून प्रत्येक इमारतीचं स्केच करून आकाशातून दिसावं तसे नकाशे काढायचे आणि ते गावातल्याच लोकांना विकायचे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ते मोठ्या साइझमध्ये फुकट बघता येतात, तासन्‌तास बघा, त्यातून मी कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकले.

उत्तर वर असलीच पाहिजे असंही नाही. गिरगावला मी समुद्र खाली ठेवते, म्हणजे पूर्व वर जाते, चौपाटी डावीकडे येते, खालून रेल्वेलाइन आडवी जाते आणि स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस समोर जसा बघतो तसंच गिरगाव कागदावर उघडतं. दिशेचा बाण मात्र द्यायचा.

लेटरिंगवर बहुतेक नवीन मुलं घाई करतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चित्र छान असून देवनागरी बिघडली की सगळं परकं वाटायला लागतं. इंग्रजीसारखं ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेघ तुटते, तेव्हा ते शून्यच ठेवा. वळणदार रस्त्यावर नाव वाकवायचं असेल तर वळण अगदी हलकं ठेवा नाहीतर वर मात्रा एकमेकींवर चढतात आणि खाली उकार फाकतात. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसली किंवा जोडाक्षरं सुटली तर घाबरू नका, सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू करा. फॉन्ट विकत घ्यायला पैसे नसतील तर मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे दोन्ही फॉन्ट फुकट आणि खुले आहेत, मी ‘मुक्त’ खूप वापरते, छोट्या आकारातही वाचता येतो. दुकानांच्या जुन्या पाट्यांची अक्षरं मात्र हाताने काढा, ती त्या दुकानाचा चेहराच असतात.

प्रिंटचं थोडक्यात. ए२ म्हणजे ४२० बाय ५९४ मिमी, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ बाय ७०१६ पिक्सेल, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेलं चित्र), रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे. घडीचा नकाशा असेल तर घड्या आधीच आखून घ्या आणि तिथे नाव येऊ देऊ नका. प्रेसला पाठवण्याआधी सगळ्यात दाटीचा तुकडा खऱ्या साइझमध्ये ए४ वर छापून घरातल्या मोठ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचायला द्या.

प्रत्येक गोष्ट फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर ठेवा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गिरगावचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, म्हणजे त्याआधीचा कुठलाही नकाशा जुना झाला, पण लेयर नीट असतील तर सुधारित आवृत्ती निघते आणि तिचे वेगळे पैसे मागता येतात.

पैशाचं म्हणाल तर डिझाइन फी आणि छपाई कायम वेगळी लावा, किती वेळा बदल करून देणार ते आधीच ठरवा. व्यापारी संघटनेने काम दिलं की पैसे देणारं दुकान मोठं काढा अशी मागणी येतेच, मी जाहिरातींची वेगळी पट्टी खाली देते आणि नकाशातल्या जागा लोकांच्या बोलण्यावरूनच ठरवते, हे पहिल्याच मीटिंगला सांगते. हक्कांचं लेखी करा, मेलवर झालेलं बोलणं पुरेसं नाही, दोघांच्या सह्यांचा कागद हवा. कॉपीराइट देऊन टाकताना करारात मुदत लिहिलीच नाही तर आपला १९५७ चा कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरतो. टीशर्ट, कॉफी मग, कॅलेंडर यावर चित्र वापरायचं असेल तर त्याचा वेगळा उल्लेख करून घ्या.

पहिला नकाशा स्वतः राहता त्याच भागाचा करा, स्टेशनपासून घरापर्यंत एवढाच, विकायचा विचार न करता. पुढचं काम मागायला जाल तेव्हा दाखवायला तोच लागतो.